घांघरियाला पहिल्यांदा जाताय? फुलांची दरी, हेमकुंड आणि मधला फाटा

उत्तराखंडमधलं घांघरिया गाव संपल्यावर साधारण अर्धा किलोमीटर चाललं की वाटेला फाटा फुटतो. डावी वाट फुलांच्या दरीत जाते, उजवी हेमकुंड साहिबला, म्हणजे डोंगरावरच्या तळ्याकाठी असलेल्या शिखांच्या गुरुद्वाऱ्याला. या फाट्यावर पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मी सगळ्या गर्दीमागून उजवीकडे वळले. आदल्या संध्याकाळी उशिरा घांघरियात पोचले होते, नीट झोपही झाली नव्हती. वर हेमकुंडला पोचेपर्यंत डोकं ठणकायला लागलं आणि तळ्याकाठी मी जेमतेम दहा मिनिटं थांबले. दुसऱ्या दिवशी धो धो पाऊस लागला. तशातही दरीत शिरले, पण धुक्यात एकच किलोमीटर जाऊन परत फिरले, कारण तिसऱ्या दिवशी सकाळी खाली उतरायचंच होतं. ऋषिकेशहून परतीची गाडी ठरलेली होती.

तीन वर्षांनी पुन्हा गेले ती नकाशा डोक्यात पक्का बसवून. चार रात्री राहिले आणि ज्यासाठी इतक्या लांब यायचं ते सगळं मनासारखं पाहून आले. पहिल्या खेपेला मी काही फार अवघड चूक केली नव्हती. दोन वाटांचे स्वभाव वेगळे आहेत एवढंच मला माहीत नव्हतं. ते तुम्हाला आधी कळावं म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

१. आधी भूगोल समजून घ्या

उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात बद्रीनाथच्या रस्त्यावर, जोशीमठच्या पुढे साधारण वीस किलोमीटरवर गोविंदघाट लागतं. बद्रीनाथकडून खाली येणाऱ्या अलकनंदेला इथे पूर्वेकडून लक्ष्मणगंगा येऊन मिळते. आपला सगळा कार्यक्रम या लक्ष्मणगंगेच्या खोऱ्यात, म्हणजे भ्यूंडार खोऱ्यात आहे. वाट चुकण्याची भीती वाटत असेल तर एक लक्षात ठेवा: घांघरियापर्यंत ही नदी तुमची सोबत सोडत नाही. जाताना प्रवाहाच्या उलट, येताना प्रवाहाबरोबर.

घांघरियाजवळ दोन प्रवाह एकत्र येतात. एक हेमकुंडाच्या बाजूने उतरतो, दुसरी पुष्पावती, जी तिप्रा हिमनदीतून निघून फुलांच्या दरीतून वाहत येते. पाट्यांवर आणि लोकांच्या बोलण्यात लक्ष्मणगंगा, भ्यूंडारगंगा, हेमगंगा अशी नावं सरमिसळ येतात, त्याने गोंधळू नका. पुष्पावतीचं खोरं म्हणजे राष्ट्रीय उद्यान. हेमकुंड त्या उद्यानात येत नाही. म्हणूनच दोन्हीकडचे नियम, वेळा आणि सोयी पूर्ण वेगळ्या आहेत.

आता उंची. गोविंदघाट सुमारे १८०० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्रातल्या सह्याद्रीचा माथा जिथे संपतो त्याच्याही वरून इथली पहिली पायरी सुरू होते. घांघरिया सुमारे ३०५० मीटर. फुलांची दरी साधारण ३३५० ते ३६५० मीटरच्या दरम्यान पसरलेली. हेमकुंड ४००० मीटरच्या वर. घांघरियाहून दरीत जाताना तुम्ही काहीशे मीटर चढता, हेमकुंडला जाताना हजाराहून जास्त. पुढचं सगळं नियोजन या एका फरकावर उभं आहे.

२. महिना ठरवा, मग तिकिटं काढा

उद्यान १ जूनला उघडतं आणि ३१ ऑक्टोबरला बंद होतं. या पाच महिन्यांत दरी दर पंधरवड्याला वेगळी दिसते.

जूनमध्ये वाटेवर बर्फ असतो. बर्फ वितळत जातो तशी त्याच्या कडेने प्रिम्युला आणि अ‍ॅनिमोन उगवतात. गर्दी कमी, पण ‘फुलांचे गालिचे’ मनात धरून आलात तर हिरमोड होईल. मध्य जुलै ते मध्य ऑगस्ट हा खरा बहर. जिरेनियम, पोटेंटिला, पेडिक्युलॅरिस, खडकांच्या आडोशाला निळी हिमालयीन पॉपी, आणि ऑगस्टात माणसाच्या उंचीपर्यंत वाढलेला गुलाबी तेरडा. हो, तेरडाच. आपल्या पठारांवरच्या तेरड्याचा भाऊबंद, फक्त बांधा दांडगा. सप्टेंबरात फुलं ओसरतात, पानं पिवळी-तांबूस होतात, पण आकाश उघडतं आणि जुलैत ढगांमागे दडलेली शिखरं दिसू लागतात.

मी दोन्ही वेळा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात गेले आणि पुन्हाही तेव्हाच जाईन. पण फुलं पावसामुळेच असतात. कोरड्या, उन्हाच्या दिवसांत पूर्ण बहर असं गणित इथे जमत नाही. पाऊस म्हणजे दरडी, म्हणजे रस्ता बंद. त्यामुळे परतीच्या तिकिटाआधी किमान एक, शक्यतो दोन मोकळे दिवस ठेवा. सुट्टी वाढवता येत नसेल तर बद्रीनाथ गाळा, हा मोकळा दिवस गाळू नका.

आणखी एक. कासचं पठार पाहिलेली माणसं तसाच एकरंगी गालिचा इथे शोधतात. इथली फुलं मिसळलेली असतात. एका हातभर जागेत सात-आठ जाती, पण रंगाचा सपाट पट्टा क्वचितच. त्यासाठी वाकावं लागतं, थांबावं लागतं. तेवढा वेळ हातात ठेवूनच या.

३. कागदपत्रं आणि पैसे

• मूळ छायाचित्र ओळखपत्र आणि त्याच्या दोन-तीन झेरॉक्स. मोबाइलमधला फोटो पावसात आणि बॅटरी संपल्यावर उपयोगाचा नाही.
• चारधाम यात्रेची ऑनलाइन नोंदणी. हेमकुंड आणि बद्रीनाथ दोन्ही तिच्यात येतात. उत्तराखंड सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर ती विनाशुल्क होते. त्यासाठी पैसे मागणाऱ्या दलालाच्या नादी लागू नका. छापील प्रत जवळ ठेवा.
• राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेशपत्र. ते घांघरियापुढच्या वनखात्याच्या चौकीवर ओळखपत्र दाखवून मिळतं. परदेशी नागरिकत्व असलेल्या नातेवाइकांना वेगळा, जास्त दर लागतो आणि पासपोर्ट दाखवावा लागतो.
• नियमित औषधं असतील तर त्यांची चिठ्ठी, आणि एका कागदावर रक्तगट आणि घरचा फोन नंबर.
• रोख पैसे. घांघरियात एटीएम नाही. जोशीमठमध्येच पैसे काढून घ्या, आणि तिथलं यंत्र नेमकं त्या दिवशी रिकामं असेल असं धरून ऋषिकेशमध्येही थोडे काढून ठेवा. नेटवर्क असेल तर मोबाइलवरून पैसे देता येतात, पण पावसाळ्यात त्या ‘असेल तर’वर विसंबू नका.

४. ऋषिकेश ते गोविंदघाट

हा सुमारे २७० किलोमीटरचा घाटरस्ता आहे आणि पूर्ण दिवस घेतो. दहा-अकरा तास लागले तर लवकर पोचलात असं समजा. सार्वजनिक बस आणि शेअर जीपा पहाटेच निघतात, उशिरा उठणाऱ्याला अर्ध्या वाटेत मुक्काम करावा लागतो. रात्री या रस्त्यावर वाहतूक बंद असते आणि ते योग्यच आहे.

वाटेत पाच प्रयाग लागतात आणि नदीचं सगळं कुटुंब ओळीने भेटतं. देवप्रयागला अलकनंदा-भागीरथी, रुद्रप्रयागला मंदाकिनी, कर्णप्रयागला पिंडर, नंदप्रयागला नंदाकिनी, आणि जोशीमठच्या खाली विष्णुप्रयागला धौलीगंगा. देवप्रयागला पाच मिनिटं गाडी थांबवायला सांगा. दोन वेगळ्या रंगांचं पाणी एकमेकांत मिसळताना तिथे दिसतं.

दरडींसाठी कुप्रसिद्ध जागा ठरलेल्या आहेत. श्रीनगर आणि रुद्रप्रयागमधलं सिरोबगड ही एक, पिपलकोटी आणि जोशीमठमधला पागल नाला ही दुसरी. इथे तास-दोन तास अडकलात तर घाबरायचं कारण नाही, यंत्रं जवळच उभी असतात. मात्र गाडीतून उतरून दरडीखाली फोटो काढत फिरू नका. वरून अजून दगड येत असतात.

मुक्काम जोशीमठला करावा की गोविंदघाटला? पहिल्यांदा जाणाऱ्याने जोशीमठला करावा असं माझं मत. उंची जवळपास तीच, पण दवाखाना, औषधांची दुकानं, बँका सगळं आहे. या गावाचं नाव २०२४ मध्ये अधिकृतपणे ज्योतिर्मठ झालं आहे, पाट्यांवर दोन्ही नावं दिसतील. २०२३ च्या जानेवारीत इथल्या घरांना मोठ्या भेगा पडल्या आणि अनेक कुटुंबांना घर सोडावं लागलं, हे ध्यानात ठेवून वागा. भेगा पडलेल्या भिंतींपुढे उभं राहून सेल्फी काढणारे पर्यटक मी पाहिले. ती कुणाची तरी घरं होती.

५. गोविंदघाट ते घांघरिया

गोविंदघाटला पूल ओलांडून पुलनापर्यंत साधारण चार किलोमीटर जीपरस्ता आहे. शेअर जीप भरली की निघते. पूर्वी हे अंतरही चालावं लागायचं. आता चालण्यात काही मिळवायचं नाही, जीप घ्या आणि पाय पुढच्यासाठी राखून ठेवा.

पुलनापासून घांघरिया सुमारे दहा किलोमीटर. वाट दगडांनी बांधलेली, रुंद, चुकण्यासारखी नाही. सरासरी चालीने पाच-सहा तास. पहिला टप्पा नदीकाठाने हळूहळू चढतो, मध्ये चहा-मॅगीची दुकानं आहेत. भ्यूंडार गावाजवळ पूल ओलांडून वाट नदीच्या दुसऱ्या काठावर जाते. २०१३ च्या जूनमधल्या महापुराने जुनी वाट खरवडून नेली, त्यामुळे ही बाजू नव्याने बांधावी लागली. जुन्या वर्णनांमधली अंतरं आणि खुणा इथून पुढे जुळत नाहीत, याचं कारण तेच.

या पुलानंतरचे शेवटचे तीनेक किलोमीटर अंगावर येतात. देवदार आणि इतर सूचिपर्णी झाडांमधून सतत चढ. बहुतेक जण सुरुवातीचं सोपं अंतर भरभर कापतात आणि इथे बसतात. उलट करा. भ्यूंडारपर्यंत मुद्दाम सावकाश चाला, तिथे पोटभर खा, वीस मिनिटं बूट काढून बसा आणि मगच पूल ओलांडा. पुलनाहून सकाळी आठच्या आत निघालात तर दुपारचा पाऊस लागायच्या आत घांघरियात असाल.

खेचरांबद्दल तीन सूचना. भाडं काउंटरवर दरपत्रक पाहून, पावती घेऊन ठरवा. दुसरं, खेचरांचा तांडा आला की नेहमी डोंगराच्या बाजूला उभे राहा, दरीच्या बाजूला कधीही नाही. ओझ्याचा नुसता धक्का माणसाला कठड्याबाहेर लोटू शकतो. तिसरं, गुडघे बरे असतील तर चालाच. सामानाचं ओझं वाटत असेल तर माणसाऐवजी फक्त पिशव्या खेचरावर किंवा पिठूकडे द्या. पिठू म्हणजे पाठीवर सामान नेणारा, कंडी म्हणजे पाठीवरची टोपली, जिच्यात लहान मुलं आणि वयस्क माणसंही बसतात.

गोविंदघाटहून घांघरियापर्यंत हेलिकॉप्टरची सेवाही असते, पण ढग आले की ती थांबते आणि ऑगस्टात ढग रोज येतात. शिवाय काही मिनिटांत तीन हजार मीटरवर पोचलं की शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. हेलिकॉप्टरने आलात तर तो सगळा दिवस विश्रांतीचा धरा.

६. घांघरियात पोचल्यावर

घांघरिया हे बारमाही गाव नाही. हिवाळ्यात ते बर्फाखाली रिकामं असतं. दरवर्षी मोसम सुरू होताना भ्यूंडार-पुलनाचे लोक वर येतात आणि मोसम संपला की खाली उतरतात. म्हणून सोयी मोजक्याच. वीज ठरावीक तास, गरम पाणी बादलीने विकत, अंथरुणं दमट. गुरुद्वाऱ्यात राहायची आणि लंगरची सोय सर्वांसाठी खुली आहे, तिथे डोकं झाकून जा आणि जमेल तेवढी सेवा करा, निदान आपली भांडी तरी. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली की खोल्या मिळत नाहीत, अशा दिवसांत आधी ठरवून ठेवा.

पोचल्या दिवशी करायची कामं थोडीच आहेत. ओले कपडे बदला. भरपूर पाणी प्या. संध्याकाळी अर्धा तास गावात हळूहळू फिरा, लगेच आडवे होऊ नका. डोकं थोडं जड होणं साधारण आहे. डोकेदुखीबरोबर मळमळ, चालताना तोल जाणं किंवा बसल्या जागी धाप लागणं सुरू झालं तर वर जायचं नाही. लक्षणं वाढत असतील तर रात्र असली तरी डॉक्टर गाठायचा आणि शक्य तितक्या लवकर खाली उतरायचं. उंचीच्या आजारावर खाली उतरणं हाच खात्रीचा उपाय. गोळ्या घ्यायच्या असतील तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारून, तिथे कुणी हातावर ठेवली म्हणून नाही.

७. पहिला दिवस फुलांच्या दरीला द्या

बरेच जण आणि बऱ्याच सहली आधी हेमकुंड उरकतात. मी ठामपणे उलटं सांगेन. दरी कमी उंचीवर आहे, तिथे दिवसभर चालून शरीर सरावतं आणि दुसऱ्या दिवशी हेमकुंडचा चढ सुसह्य होतो.

चौकीची खिडकी सकाळी सातच्या सुमारास उघडते, तिथे पहिल्या वीस जणांत असा. दुपारनंतर आत सोडत नाहीत आणि संध्याकाळी पाचच्या आत सगळ्यांना बाहेर यावं लागतं. म्हणजे उशिरा पोचलेल्याला दरी मिळतच नाही, फक्त चढ मिळतो. आत दुकान नाही, चहा नाही, स्वच्छतागृह नाही, मुक्कामाला परवानगी नाही आणि खेचरंही नाहीत. जेवणाचा डबा आणि पाणी घांघरियाहूनच घ्या. चालता न येणाऱ्यांसाठी कंडी मिळते.

चौकीनंतर वाट उतरून पुष्पावतीच्या पुलावर येते. खाली नदी अरुंद घळीतून गर्जत जाते. पूल ओलांडला की दीड-दोन किलोमीटरचा खडा, नागमोडी चढ सुरू होतो. इथे भूर्ज दिसतात, ज्यांच्या सालीवर पूर्वी पोथ्या लिहिल्या जात. साल सुटलेली दिसते म्हणून ओढू नका, झाड मरतं. सावलीत, ओलसर जागी नागाच्या फण्यासारखं फूल दिसलं तर तो कोब्रा लिली, आपल्याकडच्या सापकांद्याचा नातेवाईक.

चढ संपतो आणि एकदम दरी उघडते. इथेच सगळ्यात मोठी चूक होते, मीही केली होती. लोक समोरचं दृश्य पाहतात, एका मोठ्या खडकाशी बसून डबा खातात, फोटो काढतात आणि परततात. त्यांनी दरीचा फक्त उंबरठा पाहिलेला असतो. दरी साधारण आठ किलोमीटर लांब आहे. पहिल्या ओढ्यापाशी थांबू नका. पुढे जा.

पुढे गेलात की एक डावी-उजवी पाटी लागते. एक वाट जोन मार्गारेट लेग यांच्या समाधीकडे जाते. इंग्लंडहून वनस्पतींचे नमुने गोळा करायला आलेल्या या बाई ४ जुलै १९३९ रोजी इथल्याच उतारावर घसरून गेल्या. सगळीकडे फुलं आणि मध्ये एक साधा दगड. तिथे मी बराच वेळ बसले. दुसरी वाट नदीपात्राकडे उतरते. पात्रातल्या रेतीवर, गोट्यांमध्ये जांभळट-गुलाबी एपिलोबियम फुललेलं असतं आणि ढग सरकले तर दरीच्या टोकाशी गौरी पर्वताचा भाग दिसतो. इथपर्यंत पोचायला घांघरियाहून चार तास धरा. दुपारी एक वाजता, कुठेही असलात तरी, परत फिरा.

हे खोरं बाहेरच्या जगाला कळलं ते १९३१ मध्ये. कामेट शिखर पहिल्यांदा सर करून परतणारे फ्रँक स्माइथ आणि त्यांचे सोबती भ्यूंडार खिंड ओलांडून पावसात इथे उतरले. स्थानिकांना अर्थातच ते आधीपासून ठाऊक होतं, त्यांच्या शेळ्या-मेंढ्या इथे चरत. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाल्यावर चराई थांबली. २००५ मध्ये नंदादेवी राष्ट्रीय उद्यानाच्या जागतिक वारसा स्थळात या उद्यानाचाही समावेश झाला. चराई थांबल्यावर पॉलिगोनम नावाची उंच, पांढऱ्या तुऱ्यांची वनस्पती फार फोफावली आणि नाजूक फुलांची जागा खाऊ लागली, म्हणून वनखातं ती दरवर्षी उपटून काढतं. मोठे पांढरे ताटवे पाहून सगळे हरखतात, पण मला त्यांची आता काळजी वाटते. दरीतल्या पायवाटेवर गवत कापणारे, तण उपटणारे कर्मचारी भेटले तर त्यांच्याशी बोला. फुलांची गढवाली नावं त्यांच्याकडून जितकी कळतील तितकी कुठे कळणार नाहीत.

आणि वाट सोडू नका. एका फोटोसाठी आत टाकलेलं एक पाऊल पुढच्या दहा जणांना वाट दाखवतं.

८. दुसरा दिवस हेमकुंडचा

फाट्यावर उजवीकडे. अंतर सहाच किलोमीटर, पण सगळा चढ. पहाटे साडेचार-पाचला निघा. चढायला चार ते सहा तास लागतात आणि वर उशिरापर्यंत थांबू देत नाहीत. रात्री राहायची तिथे सोय नाही. दुपारनंतर धुकं, पाऊस, थंडी एकदम येते.

ही वाट दरीपेक्षा वेगळी आहे. रुंद फरसबंदी, वाटेत चहाची दुकानं, खेचरं, कंडीवाले, आणि ‘वाहेगुरू’ म्हणत चढणारे सगळ्या वयांचे यात्रेकरू. सत्तरीच्या आजी अनवाणी चढताना पाहिल्या की आपलं कुरकुरणं थांबतं. जूनमध्ये अटलाकोटीजवळ बर्फ कापून वाट काढलेली असते, तिथे घाई करू नका.

वरच्या टप्प्यात एका बाजूला दगडी पायऱ्यांचा जवळचा मार्ग फुटतो. हजारावर पायऱ्या आहेत. अंतर वाचतं म्हणून लोक तिकडे वळतात आणि नेमके तिथेच दमतात, कारण हवा सगळ्यात विरळ तिथेच असते. चढताना वळणावळणाची मोठी वाटच धरा. नाकाने श्वास घेता येईल इतक्याच वेगाने चाला.

याच वरच्या भागात, खडकाळ उतारांवर ब्रह्मकमळ फुलतं. उत्तराखंडचं हे राज्यपुष्प. घरी कुंडीत रात्री फुलणाऱ्या ज्या झाडाला आपण ब्रह्मकमळ म्हणतो ते निवडुंगाच्या कुळातलं, अमेरिका खंडातून आलेलं. हे खरं ब्रह्मकमळ फिकट पिवळसर, कागदासारख्या पाकळ्यांचं आणि दिवसा दिसणारं. ऑगस्टात हमखास भेटतं. तोडू नका, वाटेत कुणी विकत असेल तर घेऊ नका.

तळ्याचं पाणी बर्फासारखं असतं. स्नान करायचं असेल तर एक डुबकी, लगेच कोरडे कपडे. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी नुसता हात लावून नमस्कार करावा. गुरुद्वाऱ्याशेजारी लक्ष्मणाचं छोटं मंदिर आहे, स्थानिक लोक या जागेला लोकपाल म्हणतात. लंगरमधली गरम खिचडी आणि चहा घ्या, आतल्या ब्लँकेटमध्ये थोडा वेळ बसा आणि बारा-साडेबाराला उतरायला लागा. उतरताना गुडघ्यांवर ताण येतो, काठी तेव्हाच खरी कामाला येते.

भ्यूंडारहून काकभुशुंडी तळ्याकडे जाणारी वाटही कुणी सुचवेल. ती अनेक दिवसांची, वाटाड्या आणि तंबू घेऊन करायची मोहीम आहे. पहिल्या खेपेला तिचा विचार नको.

९. पाठपिशवीत काय हवं

घोट्यापर्यंतचे, आधी वापरून सैल केलेले बूट. नवे बूट घालून गेलात तर भ्यूंडारलाच फोड येतील. पोंचो रेनकोटपेक्षा बरा, तो पिशवीवरूनही येतो. तरी पिशवीच्या आत प्रत्येक जोड वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये बांधा. काठी, विजेरी, पॉवर बँक, कानटोपी, हेमकुंडसाठी हातमोजे, लवकर वाळणारे कपडे (जीन्स नको, भिजली की दोन दिवस वाळत नाही), मोज्यांचे तीन-चार जोड, ओआरएस, फोडांसाठी पट्ट्या, सुका खाऊ, पाण्याची भरता येणारी बाटली. उपवासाच्या दिवसांत जात असाल तर राजगिऱ्याचे लाडू घरून घ्या, वर उपवासाचं काही मिळेलच असं नाही.

कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी ठेवा. या खोऱ्यातला कचरा गावकऱ्यांची समिती खेचरांवर लादून खाली आणते. तिच्यासाठी वाटेत थोडं शुल्क घेतात, ते आनंदाने द्या, आणि तुमची रिकामी पाकिटं तुम्हीच गोविंदघाटला आणा.

१०. तिसरा दिवस आणि उतरणं

तिसरा दिवस राखीव. पाऊस पडून एखादा दिवस वाया गेला असेल तर तो इथे भरून काढा. दोन्ही नीट झालं असेल तर पुन्हा दरीत जा. दुसऱ्या खेपेला मी तेच केलं. पहिल्या दिवशी समाधीपर्यंत गेले होते, तिसऱ्या दिवशी नदीपात्रात उतरले, आणि त्या दिवशी दोन तास ऊन पडलं.

चौथ्या दिवशी सकाळी सातला घांघरिया सोडा. उतरायला चार तास पुरतात, दुपारपर्यंत गोविंदघाट. बद्रीनाथ तिथून पंचवीस किलोमीटर, त्याच संध्याकाळी पोचता येतं आणि पुढचं माणा गाव दुसऱ्या सकाळी पाहून होतं. पण निघण्याआधी गोविंदघाटला रस्त्याची चौकशी करा. २०२५ च्या मार्चमध्ये दरड कोसळून इथला पूलच तुटला होता, तेव्हा आदल्या आठवड्याची माहितीही जुनी धरायची. गुरुद्वाऱ्याजवळच्या जीपवाल्यांना वरच्या आणि खालच्या दोन्ही बाजूंची ताजी खबर असते. ते ‘आज नको’ म्हणाले तर खोली घ्या, बूट वाळत घाला आणि राखून ठेवलेला तो मोकळा दिवस तिथे वापरा.